गॅननडॉर्फला नवे कपडे शिवताना: दुष्ट राजाचा लूक बदलायची माझी पद्धत

भाचा नववीत आहे, दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे गोव्यात डिचोलीला येतो, आणि मागच्या खेपेला आल्या आल्या टॅबवरचं माझं गॅननडॉर्फचं, म्हणजे लेजेंड ऑफ झेल्डा ह्या व्हिडिओ गेम मालिकेतल्या दुष्ट राजाचं, रिडिझाइन बघून म्हणाला, मामा, ह्याचे केस काळे केले तर हा कुठल्याही गेममधला कुठलाही व्हिलन होईल. राग आला, पण पोरगा बरोबर बोलत होता. मी काय केलं होतं तर खांद्यावर काटे, कंबरेला कवट्या, काळं चिलखत, डोळे लाल, आणि मागे थोडी आग. तीन रात्री घालवल्या होत्या त्याच्यावर. मग ते सगळं बाजूला ठेवून परत पहिल्यापासून केलं, आणि दुसऱ्यांदा करताना जे जे कळलं ते इथे क्रमाने सांगतोय, म्हणजे जमेल तेवढं क्रमाने, कारण डिझाइन करताना मी स्वतः काही क्रमाने चालत नाही.

आधी काय ठेवायचं ते ठरवा

सगळेजण काय बदलायचं तिथून सुरू करतात आणि तिथेच फसतात. गॅननडॉर्फ माणसाच्या रूपात पहिल्यांदा दिसला तो १९९८ साली, निंटेंडो कंपनीच्या निंटेंडो ६४ ह्या कन्सोलवरच्या ओकारिना ऑफ टाइम गेममध्ये, त्याच्याआधी १९८६ पासून तो गॅनन नावाचा डुकराच्या तोंडाचा राक्षस होता. तेव्हापासून खुद्द निंटेंडोनेच त्याला किती वेळा बदललाय बघा. २००२ च्या विंड वेकरमध्ये लांब बाह्यांचा झगा, वयाने थोडा थकलेला, हातात दोन तलवारी. २००६ च्या ट्वायलाइट प्रिन्सेसमध्ये जडशीळ चिलखत आणि छातीवर चमकणारी जखम. २०२३ च्या टीअर्स ऑफ द किंगडममध्ये एकदम सामुराईच्या वळणाचा, छाती उघडी टाकणारा सैल पोशाख आणि लांब केस. एवढं बदलूनही तो ओळखू येतो ना, मग का येतो ते शोधायचं.

हे चारही लूक एका पानावर शेजारी शेजारी ठेवा आणि सगळ्यांत सारखं काय आहे ते चिठ्ठीवर लिहून काढा. लाल केस, कपाळावर खडा, मोठं नाक, जाड भुवया, अंगाने आडवा-उभा, त्याच्या गेरुडो जमातीचे दागिने, हिरवट झाक असलेली कातडी, असं बरंच निघेल. आता त्यातलं एकेक खोडत जा, आणि प्रत्येक वेळी विचारा की हे काढलं तरी तो तोच राहतो का. मी तीनवर थांबलो: केस, कपाळावरचा खडा आणि ते भलं मोठं धड. ह्या तिघांना हात लावायचा नाही, बाकी सगळं आपलं. तुमचे तीन वेगळे असतील, चालेल, पण पाच-सहा ठेवलेत तर ते रिडिझाइन होणार नाही, नुसती इस्त्री होईल.

तो राजा कशाचा आहे

पहिल्या खेपेला माझं इथेच चुकलं. मी त्याला दुष्ट दाखवत बसलो आणि तो राजा आहे हे विसरूनच गेलो. गेरुडो ही वाळवंटातली जमात, सगळ्या बायका, शंभर वर्षांत एकच मुलगा जन्माला येतो आणि रिवाजाने तोच राजा होतो. म्हणजे ह्या माणसाला राज्य जिंकावं लागलेलं नाही, पाळण्यातच मिळालंय. त्याला वाढवलं कोटाके आणि कोउमे ह्या जुळ्या चेटकिणींनी, एक बर्फाची, एक आगीची. आणि विंड वेकरमध्ये तो स्वतःच सांगतो की त्याच्या मुलखातला वारा दिवसा भाजून काढायचा नि रात्री गोठवायचा, आणि हायरूल ह्या हिरव्या राज्यातला वारा मात्र वेगळा होता, म्हणून त्याला तो मुलूख हवा झाला.

आता एवढ्या माहितीवर कपडे शिवायला बसा. त्याचे कपडे कोणी शिवले असतील? गेरुडो बायकांनीच, दुसरं आहेच कोण तिथे. मग गेरुडो पहारेकरणींच्या सैल सलवारी, कमरपट्टे, दंडातले दागिने हे ज्या हातांनी बनलं त्याच हातांनी राजाचंही बनलेलं दिसायला हवं, फक्त कापड जास्त आणि काम बारीक. मी त्याला दोन दंडकडी दिली, एकात लाल खडा आणि एकात निळा, दोन आयांच्या. कोणाला कळलं तर कळलं.

आणि वाळवंटात काळं लोखंडी चिलखत घालून कोण फिरतो हो? उन्हात तापलेलं लोखंड अंगाला लावून बघा, आमच्याकडे मे महिन्यात दुपारी उभ्या केलेल्या स्कूटरच्या सीटवर बसताना सुद्धा देव आठवतो. गरम मुलखातली माणसं सैल आणि थरांचे कपडे घालतात, डोकं-मान झाकतात, धातू थेट कातडीला लागू देत नाहीत. म्हणून चिलखत हवंच असेल तर खाली जाड कापडाचा थर दाखवा, किंवा चामड्याच्या पट्ट्या दाखवा.

आता ह्याची उलटी बाजू. जुन्या गोव्याला पुरातत्त्व खात्याचं म्युझियम आहे, सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या कॉन्व्हेंटमध्ये, तिथे वर पोर्तुगीज व्हाइसरॉय आणि गव्हर्नर लोकांची साठेक तैलचित्रं लावलेली आहेत, पूर्ण उंचीची. जुआंव द कास्त्रो ह्या गव्हर्नरने १५४७ च्या सुमारास हा प्रकार सुरू केला आणि पुढे प्रत्येकजण आपली भर घालत गेला. सत्ता अंगावर कशी घालतात हे शिकायला ह्याच्यापेक्षा चांगली जागा मला गोव्यात माहीत नाही, स्केचबुक घेऊन जा आणि अर्धा दिवस काढा. गोव्याच्या घामट हवेत ही माणसं चिलखतं आणि जाड कापडं चढवून उभी आहेत, कारण पोशाख इथल्या हवेसाठी नव्हताच, सत्ता दाखवायला होता. म्हणजे राज्यकर्त्याच्या अंगावर हवेशी न जुळणारा कपडा असेल तर त्याला कारण असतं, आणि ते कारण तुम्हाला माहीत असायला हवं. अजून एक मजा म्हणजे ह्या चित्रांवर नंतरच्या काळात पुन्हा पुन्हा रंग चढवलेत, त्यामुळे आज आपण जो साहेब बघतो तो मुळात तसाच रंगवलेला असेल असं नाही, म्हणजे राजांचं रिडिझाइन हे काही आपण गेमवाल्यांनी काढलेलं नाही.

ह्याच्यातनं मला माझी मेन आयडिया मिळाली. गॅननडॉर्फचा झगा बाहेरून वाळूच्या रंगाचा, वाळवंटाला शोभणारा, पण आतलं अस्तर हायरूलच्या गवतासारखं हिरवं. सुरुवातीला ते फक्त बाहीच्या टोकाला, चालताना पल्ला उडाला की जरासं दिसतं. आणि किल्ला ताब्यात आल्यावर तो तोच झगा उलटा करून घालतो. एकच कपडा, दोन लूक, आणि डायलॉग एकही नाही.

नरकासुराने शिकवलेलं

हे गोव्याबाहेरच्यांना सांगायला लागेल. आमच्याकडे नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यावर, म्हणजे वस्त्यावस्त्यांत, नरकासुर उभे राहतात, बांबूचा नाहीतर लोखंडी सांगाडा, आत सुकं गवत, वरून कागद, रंग, मोठा मुखवटा, पोटात फटाके, आणि पहाटे जाळायचा. लोक रात्रभर गाड्या काढून बघत फिरतात, स्पर्धा असतात, बक्षिसं असतात. मी दहावीपासून आमच्या वाड्यावरच्या नरकासुरात आहे. सकाळी कारीट फोडून आंघोळ, मग पाच-सहा तऱ्हेचे फोव, म्हणजे पोहे, आणि मग झोप, हे माझं दिवाळीचं टाइमटेबल.

एका वर्षी आम्ही त्याच्या छातीवरचं चिलखत करण्यात चार दिवस घातले. खवले कापून एकेक चिकटवला, सोनेरी रंग, वर चंदेरी कड. रात्री हॅलोजन लावला आणि रस्त्यावरून बघितलं तर छातीच्या जागी नुसता एक पिवळा डाग. पलीकडच्या वाड्यावरच्या पोरांनी घाईघाईत केलेला, पेपर अजून ओला, पण एक पाय पुढे टाकून कमरेतून वाकलेला आणि एक हात थेट रस्त्यावरच्या माणसांच्या डोक्यावर आलेला, त्याच्यापुढे ही गर्दी. आमच्यापुढे आमच्याच आया.

तेव्हा सिलुएट हा शब्द मला माहीत नव्हता, पण गोष्ट तीच. डिटेल करायच्या आधी आकृती फक्त काळ्या रंगाने भरून बघायची. मी एका ए-फोर पानावर वीस-पंचवीस अंगठ्याएवढे ठिपके-माणसं काढतो, आत डोळे नाहीत, पट्टे नाहीत, काही नाही, आणि मग पान भिंतीला लावून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन डोळे बारीक करून बघतो. जे तिथून ओळखू येतं ते पुढे जातं. साधा माणूस साडेसात डोक्यांचा काढतात, हिरो आठचा, गॅननडॉर्फला मी जवळजवळ नऊचा केला, म्हणजे डोकं धडाच्या मानाने लहान, त्याने माणूस लगेच अंगावर येतो. नुसता उंच करू नका, उंची वाढवून डोकंही वाढवलंत तर तो फक्त झूम केलेला माणूस दिसतो, ही चूक मी दोनदा केलीय.

नरकासुराचं अजून एक. पुराणात तो प्राग्ज्योतिषपूरचा राजा, भूदेवीचा मुलगा, आणि त्याने देवांची आई अदितीची कुंडलं आणि वरुणाचं छत्र पळवलेलं. एवढी वर्षं आम्ही त्याला सुळे नि शिंगं लावतोय, पण ती कुंडलं त्याच्या कानात कोणी दाखवत नाही! विचार करा, भल्याथोरल्या असुराच्या कानात एका देवमातेची नाजूक कुंडलं. तो कोण आहे आणि त्याने काय केलंय हे एका दागिन्यात कळतं. चोरलेली वस्तू अंगाला कधी नीट बसत नाही, हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. माझ्या गॅननडॉर्फने हायरूल घेतल्यानंतर तिथल्या राजाचा मुकुट घातलेला नाही, तो डोक्याला लहान होतो, म्हणून त्याने तो मनगटात कड्यासारखा अडकवलाय. भाच्याला सगळ्यात जास्त हेच आवडलं.

चेहरा, आणि इथे जरा सांभाळून

वाळवंटातला, सावळ्या नाहीतर विचित्र रंगाचा, मोठ्या नाकाचा, म्हणजे आपोआप दुष्ट, हा हिशोब गॅननडॉर्फमध्ये आहे आणि त्याच्याकडे डोळेझाक करून रिडिझाइन करता येत नाही. आपल्याकडेही वेगळं काय आहे म्हणा, देव गोरे आणि असुर काळे. आमच्या नरकासुराला काळा रंग फासताना एकदा आईने हटकलं होतं, तुझा आजोबा ह्याच रंगाचा होता रे. तेव्हापासून मी ब्रश उचलण्याआधी एक मिनिट थांबतो.

माझा उपाय साधा आहे: नाक, रंग, भुवया तशाच ठेवायच्या आणि त्यांना देखणं करायचं. गेरुडो बायकांची नाकंही तशीच आहेत, ते त्या घराण्याचं नाक आहे. दुष्टपणा नाकात नसतो, डोळे कुठे बघतायत त्यात असतो. मी त्याला समोरच्या माणसाकडे न बघता त्याच्या मागच्या खिडकीकडे, म्हणजे हिरव्या मुलखाकडे बघताना काढला. दात पुसले, सुळे पुसले, लाल डोळे पुसले, आणि तो जास्त भीतीदायक झाला, मला स्वतःला त्याचं आश्चर्य वाटलं.

चिन्हांचंही तेच. १९९८ च्या मूळ गेममध्ये गेरुडोंचं चिन्ह चंद्रकोर आणि तारा होतं, नंतर निंटेंडोने ते बदलून वेगळंच केलं. जिवंत धर्माचं चिन्ह व्हिलनच्या ढालीवर नको, एवढं साधं आहे. तुम्ही नवीन चिन्ह काढणार असाल तर काढून झाल्यावर इमेज सर्चमध्ये टाकून बघा, कोणाचा तरी देव निघू शकतो.

आणि ह्याच्याच नात्यातली एक चूक गोव्यातले आम्ही लोक फार करतो: आपलं गाव आवडतं म्हणून त्याला कुणबी साडीच्या चौकटी, कावी कलेची फुलं, कदंबांचा सिंह असं सगळं चिकटवायचं. वाळवंटातल्या राजाच्या अंगावर कुणबी चौकट कुठून आली? भाताच्या शेतात वाकून काम करणाऱ्या बायकांचं कापड आहे ते, गुडघ्याच्या जरा खाली येणारं, तसं नेसण्याला कारण आहे. घ्यायचंच असेल तर ते कारण घ्या, चौकट नको.

रंग

इथे मी फार बोलणार नाही. लाल केस ही त्याची सगळ्यात मोठी खूण, मग लाल दुसरीकडे कुठेही वापरायचा नाही, त्या एका दंडकड्यातला खडा सोडून. पहिल्या खेपेला मी लाल पायघोळ झूल दिली होती आणि केस त्यात बुडाले होते. साठ टक्के वाळूचा-मातीचा रंग, तीस टक्के गडद निळा, दहा टक्के केस, असं ढोबळ धरा. कातडीची हिरवट झाक घालवू नका, लालाच्या समोरचा रंग हिरवा असल्यामुळे केस जास्त पेटलेले दिसतात, तो मूळ डिझाइनवाल्यांचा हुशारपणा आहे. क्रिता ह्या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये करत असाल, फुकट आहे आणि मला पुरतं, तर सगळ्यात वर काळा लेयर टाकून त्याचा ब्लेंडिंग मोड कलर करा, चित्र ब्लॅक अँड व्हाइट दिसेल. तेव्हाही चेहरा, केस आणि झगा वेगळे कळले पाहिजेत. नाही कळले तर रंग बदलून काही होणार नाही, उजेड-काळोख बदला. कागदावर वॉटरकलरने करणारे असाल तर जून ते सप्टेंबर गोव्यात नाद सोडा, कागद मऊ पडतो आणि वॉश दुसऱ्या दिवशीपर्यंत ओला राहतो, मी हेअर ड्रायर लावून बसलोय.

उभं राहणं सोडून बाकी सगळं

नव्वद टक्के रिडिझाइनं समोरून, पाय फाकवून, हातात तलवार अशी असतात. पण हा माणूस गेममध्ये काय काय करतो ते आठवा. ओकारिनामध्ये तो हायरूलच्या राजापुढे गुडघे टेकतो, राजकन्या झेल्डा खिडकीतून बघते, आणि टीअर्स ऑफ द किंगडममध्येही राउरू राजासमोर खोटी निष्ठा दाखवत गुडघे टेकतो. म्हणजे गुडघे टेकणं ही ह्याची खास पोज आहे! तुमचा झगा त्या पोजमध्ये कसा पडतो? खांद्याचं चिलखत वर येऊन कानाला लागतं का? माझं लागत होतं, हसू आलं, राजा कासवासारखा दिसत होता. मग खांद्याची पट्टी दोन तुकड्यांत तोडली.

दुसरं म्हणजे ओकारिनाच्या शेवटी मनोरा चढून वर गेलात की तो ऑर्गन वाजवत बसलेला असतो आणि तुम्हाला आधी त्याची पाठ दिसते. म्हणून पाठ डिझाइन करा, नुसता केप टाकून सुटका करून घेऊ नका. लांब बाह्या ऑर्गनच्या पट्ट्यांवर लोळतील, मग मी बाहीला आतून एक बंद दिला, वाजवताना कोपरावर बांधायला. आणि बाही वर बांधली की काय दिसतं, हिरवं अस्तर. हे मी ठरवून केलेलं नाही, काढता काढता सापडलं. पेशन्स ठेवून चार पोज काढल्या की अशी एक तरी गोष्ट मिळतेच.

शेवटच्या शीटवर समोरून, बाजूने, मागून असे तीन उभे, एक गुडघे टेकलेला, चेहऱ्याचे दोन क्लोजअप, आणि बाजूला कापड-चामडं-धातू ह्यांचे छोटे चौकोन. ए-फोर, ३०० डीपीआय, म्हणजे २४८० बाय ३५०८ पिक्सेल, प्रिंट काढायची झाली तर पुरे. प्रिंट घरात लावा, मित्राला द्या, पण विकायला काढू नका, पात्र निंटेंडोचं आहे, आपण फक्त त्याचे शिंपी.

टेस्ट मात्र ज्याला गेम माहीत नाही अशा माणसावर करा, आणि काही समजावून न सांगता. मी आईला दाखवलं. ती तांदूळ निवडत होती, चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाली, हो कोण रे, भाटकार? आता गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो, भाटकार म्हणजे ज्याच्या जमिनीवर बाकीच्यांची घरं असायची तो जमीनमालक. मी म्हटलं, तसाच समज, राजा आहे. मग परत बघून म्हणाली, जमीन एवढी आहे तर तलवार हातात कशाक धरल्या, असल्या मनशाक घराबाहेर तलवार घ्यावी लागत नाही.

तलवार मी दुसऱ्या लेयरवर काढली होती, म्हणून बरं. तो लेयर बंद केला, मोकळा झालेला हात कमरपट्ट्यावर ठेवला, आणि शीट भाच्याला पाठवली.